साठ किलोच्या माणसाला साखर कशी?

प्रश्न : माझे मिस्टर 47 वर्षांचे, वजन 61 किलो. परवा तपासणीत साखर निघाली, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. शेजारचे काका जुने पैलवान, आजही 105 किलो, पण त्यांची साखर नॉर्मल! आमच्यात जनुकाचा दोष असेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमीचा. सोबत बायकोचं "तरी सांगत होते, गोड कमी खावा" हेही असतंच. ते तूर्त राहू द्या.

लायपोडिस्ट्रॉफी नावाचा एक दुर्मिळ जनुकीय आजार आहे. त्याचा जन्मजात प्रकार 1954 साली ब्राझीलमध्ये बेरार्डिनेली या डॉक्टरांनी नोंदवला. या मुलांच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. दंड-पोटऱ्या अशा पिळदार, की आपल्याकडं कुणीही म्हणेल, घाला गंगावेश तालमीत! पण आत लिव्हर चरबीनं सुजलेलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) अफाट आणि बऱ्याच जणांना वयात येता येताच मधुमेह. लठ्ठ माणसाचे सगळे आजार, तेही अंगावर चरबी नसताना.

कारण चरबी साठवायला जागाच नाही. शाहूपुरीतलं गोदाम भरलं की गुळाचे रवे मिळेल तिथं रचावे लागतात. इथं ती जागा म्हणजे लिव्हर आणि स्नायू. तिथं चरबी साचली की इन्सुलिनला दाद मिळत नाही. शिवाय चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन नसल्यानं भूकही आवरत नाही. लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर अशा रुग्णांची साखर आणि लिव्हर दोन्ही सुधारतात, हे 2002 मध्ये दिसलं.

तुमच्या मिस्टरांचं गोदाम आहे, पण बहुधा लहान. काकांचं मोठं. (म्हणून त्यांनी निर्धास्त राहू नये, गुडघे आणि बीपी आहेतच.) आपल्या लोकांत हे फार. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2!

तेव्हा वजनकाटा सोडा, टेप घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी. डॉक्टरांशी बोलून चार-पाच किलो उतरवले तर 61 किलोच्या माणसाचंही लिव्हर हलकं होतं. जनुक तपासणीवर आत्ताच खर्च नको. लायपोडिस्ट्रॉफीच्या अर्धवट प्रकारात असतं तसं हातापायांच्या शिरा ठसठशीत, तोंड-मान मात्र भरलेली आणि ट्रायग्लिसराइड हजाराच्या घरात असतील, तर मात्र एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या डॉक्टरांना) जरूर दाखवा.