स्पगेटी झाली की झाल्या?

भाचीचा प्रश्न आला : "मावशी, 'स्पगेटी झाली' म्हणायचं की 'झाल्या'? आणि या लिंग्विनी, फेतुचिनी वगैरे पास्त्याच्या नावांना काही अर्थ असतो, की नुसतीच नावं?"

अर्थ असतो, आणि अगदी घरगुती असतो. इटालियनमध्ये 'स्पागो' म्हणजे सुतळी. तिचं लहान रूप 'स्पागेत्तो' आणि त्याचं अनेकवचन 'स्पागेत्ती'. म्हणजे आपण बशीत वाढून घेतो त्या बारीक सुतळ्याच. (रोमन लिपीत 'जी'नंतर 'एच' दिसतो म्हणून काहीजण 'स्पघेटी' लिहितात. तो 'एच' फक्त ग चा ज होऊ नये म्हणून राखणीला बसवलाय.)

आपण लोटा-लोटी, डबा-डबी करतो तसं लहानपण दाखवायला त्यांच्याकडे प्रत्ययांची चैन आहे. स्पागेत्तीहून बारीक हवी तर स्पागेत्तीनी, जाड हवी तर स्पागेत्तोनी. 'लिंग्वा' म्हणजे जीभ, म्हणून चपटी लिंग्वीने या छोट्या जिभा. 'कापेल्लो' म्हणजे केस, त्यावरून कापेल्लीनी. 'बूको' म्हणजे भोक, म्हणून आरपार पोकळ असलेली ती बुकातीनी. आणि शेवयांच्या पाकिटावर आपण वर्षानुवर्षं वाचतो ती 'वर्मिसेली' म्हणजे चक्क छोटे किडे! गंमत अशी की इटलीत वर्मिचेल्ली स्पागेत्तीपेक्षा किंचित जाडच असते. आपल्याकडे हे नाव केसासारख्या शेवयांना चिकटलं.

फीतवाल्यांचं घराणं वेगळं. 'फेत्तुच्चा' म्हणजे फीत, तिच्या छोट्या फिती त्या फेत्तुच्चीने, ही रोमकडची. बोलोन्याच्या तालियातेल्लेचं नाव 'तालियारे', म्हणजे कापणे, या क्रियापदावरून आलं. लाटलेल्या पोळीची गुंडाळी करून सुरीने कापायची, की झाल्या पट्ट्या. त्या किती रुंद असाव्यात यावर बोलोन्याकरांनी 1972 साली तिथल्या व्यापार मंडळात रीतसर नोंद केली : शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग. नमुना म्हणून सोन्याची पट्टीसुद्धा ठेवली आहे. पुरणपोळीच्या जाडीवरून भांडणारे आपण, पण शनिवारवाड्याशी गुणोत्तर मांडायचं अजून सुचलेलं नाही.

तोस्कानातली पापार्देल्ले सगळ्यांत रुंद. 'पाप्पारे' म्हणजे बकाबका खाणे, त्यावरून. माझं आवडतं नाव हेच. बाकीची नावं वस्तूचं वर्णन करतात, हे खाणाऱ्याचं करतं.

नेपल्सकडची 'झीती' मात्र आपल्या ओळखीची वाटेल. तिकडच्या बोलीत 'झीता' म्हणजे नवरी. लग्नाच्या जेवणात या लांब पोकळ नळ्या असत, आणि त्या हाताने मोडून उकळत्या पाण्यात टाकायच्या. आपल्याकडे लग्नघरी गव्हले, नखुले, बोटवे, मालत्या वळायला बायका जमत ना, तसंच. आणि नावं बघ : नखाएवढे ते नखुले, बोटांनी वळलेले ते बोटवे. नामकरणाची रीत एकच.

आता 'झाली' की 'झाल्या'. इटालियनमध्ये ही सगळी अनेकवचनं आहेत. शेवटी 'ई' असलेली वर्मिचेल्ली, बुकातीनी पुल्लिंगी, आणि 'ए' असलेली तालियातेल्ले, पापार्देल्ले स्त्रीलिंगी. पण तिकडचं व्याकरण इकडे चालवायचं कारण नाही. मराठी कानाला ईकारान्त शब्द भाजी, आमटीसारखा वाटतो, म्हणून 'स्पगेटी झाली' सहज येतं. शिवाय मराठीलाच दोन्ही सवयी आहेत : शेवया 'झाल्या', पण शेव 'झाली'. धागे दोन्हींत शेकड्याने. मी 'झाली'च म्हणते. 'स्पगेट्या' मात्र नको, अनेकवचनाचं पुन्हा अनेकवचन होतं. आणि मूळ उच्चाराचा फार आग्रह धरलास तर 'फेत्तुच्चीनेने पोट भरलं' म्हणावं लागेल. तिथे आपली 'फेतुचिनी'च बरी.

इटालियन माणूस मित्राला घरी जेवायला थांबवताना म्हणतो, चल, 'दोन स्पागेत्ती' खाऊ. तेव्हा तो मोजून दोन धागे वाढत नाही. आपण 'दोन घास खाऊन जा' म्हणतो, तेच ते.