हेअर डायचे डाग: बेसिन साफ होईल, मार्बलजवळ अॅसिड येऊ देऊ नका

ताई, ऐरोलीच्या भाड्याच्या फ्लॅटबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून आमचं घोडबंदर रोडचं जुनं घर डोळ्यांसमोर आलं. घरी डाय लावला, बेसिनवर, टाइल्सच्या फटींत आणि खिडकीच्या पांढऱ्या मार्बलवर काळे डाग बसले, महिनाअखेर घर सोडायचंय, आणि शेजारीण म्हणतेय क्लीनिंगवाल्यांना बोलवा, ते अॅसिड मारून तासाभरात चकाचक करून देतात. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. बाकीचं माझं ऐका न ऐका, पण त्या मार्बलला अॅसिड लावू देऊ नका.

मी केमिस्ट नाही. घरात सासूबाईंचा आणि माझा डाय वर्षानुवर्षं मीच लावते, तेवढ्यावर सांगतेय. काहीही लावायच्या आधी कोपऱ्यात लावून बघा.

डाय ओला असतानाच पुसायचा, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तो हातून का निसटतो ते सांगते. पाकिटातल्या डायला पूर्ण काळा रंग नसतोच. त्यातलं पीपीडी नावाचं रसायन पेरॉक्साइडशी मिळून हळूहळू काळं होतं, म्हणून तर अर्धा तास ठेवावं लागतं. शिंतोडा उडतो तेव्हा फिकट तपकिरी दिसतो, आपण नंतर पुसू म्हणतो, आणि डोकं धुऊन होईपर्यंत तो काळाकुट्ट होऊन बसतो. केसांत शिरून जे होतं तेच सिमेंटच्या बारीक छिद्रांत होतं. पाण्यात कालवायची पावडर घ्या नाहीतर बाजारातली काळी मेंदी, बहुतेकांत हेच पीपीडी असतं.

बेसिनची काळजी करू नका. चिनीमातीच्या चकाकीत रंग शिरत नाही, तो वरच्या साबणाच्या आणि क्षाराच्या थरात शिरतो. आमच्याकडे टँकरचं पाणी यायचं, त्यामुळे बेसिनवर कायम पांढरा थर, आणि डाग त्यातच अडकलेला. लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून फडकं भिजवून ठेवलं की थर सुटतो आणि बराचसा रंग त्याच्याबरोबरच जातो. उरलेल्यावर कापसाने नेलपॉलिश रिमूव्हर, अॅसिटोनवालं. मात्र ते अॅक्रिलिकच्या बेसिनला किंवा पीव्हीसीच्या दरवाजाला लावू नका, पृष्ठभाग विरघळून खडबडीत होतो. आणि लिंबूसत्त्वाचा एक थेंबही मार्बलवर सांडू देऊ नका.

फटींचं काम चिवट. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर ते साधारण ६ टक्क्यांचं असतं. त्यात खायचा सोडा कालवून घट्टसर लेप करा, फटींवर थापा, वर प्लास्टिक चिकटवा म्हणजे वाळणार नाही, आणि रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. एकदा लावून पूर्ण जाणार नाही, पुन्हा लावा. हातमोजे घाला, पेरॉक्साइडने बोटं पांढरी पडून चुरचुरतात. ब्लीचही चालतं, पण त्याच दिवशी त्याच जागी हारपिक ओतू नका. हारपिकमध्ये हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडच्या बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात, वायू कोंडूनच राहतो. बेसिनच्या कडेची सिलिकॉनची पट्टी काळी झाली असेल तर घासत बसू नका, कापून नवी भरून घ्या. फटी अगदीच ऐकत नसतील तर त्याही खरवडून व्हाइट सिमेंट भरून घेता येतं.

आता मार्बल. आमच्या बेसिनखालचा ओटा पांढऱ्या मार्बलचा होता. घर सोडायचं म्हणून एका सफाई कंपनीकडून डीप क्लीनिंग बुक केलं. दोन मुलं आली, हातात लेबल नसलेली पाण्याची जुनी बाटली. ह्यात काय आहे विचारलं तर "कंपनी का केमिकल है मॅडम, सेफ है." मार्बलला चालतं का हेही विचारलं. "सब पे चलता है." ओतल्याबरोबर फेस आला आणि तो मुलगा म्हणाला, देखो, मैल निकल रहा है. तो मळ नव्हता. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अॅसिड पडलं की दगडच विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. पुसल्यावर डाग फिकट झाला होता खरा, पण त्याभोवती परातीएवढा भाग पांढुरका झाला होता आणि हाताला खरखरीत लागत होता. चकाकी गेली ती गेलीच. डाग काढता येतो, जळलेला दगड घासून पुन्हा पॉलिशच करावा लागतो. पॉलिशवाल्याचं मशीन भिंतीलगत पोचेना, त्यामुळे मागची कडा शेवटपर्यंत तशीच राहिली.

त्यानंतर कंपनीने जो छळ केला त्याचा अजून राग येतो. आधी म्हणाले तुमचा दगडच जुना आहे. मग म्हणाले आधीचे फोटो पाठवा. फोटो पाठवले तर म्हणाले यात चकाकी दिसत नाही. प्रत्येक फोनला नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. इकडे घरमालकांनी पॉलिशचे पैसे डिपॉझिटमधून कापून घेतले, आणि त्यांना तरी दोष कसा देऊ, त्यांचा ओटा खराब झाला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तेव्हा मला माहीत नव्हता, तुम्ही लिहून ठेवा.

कडाप्पा आणि कोटाही चुनखडीचेच दगड, त्यांनाही अॅसिड तितकंच वाईट. तुमच्या पांढऱ्या मार्बलवर तोच सोडा-पेरॉक्साइडचा लेप लावा, दोनतीन रात्री पुन्हा पुन्हा, आणि फक्त मऊ कापडाने पुसा. घासणीने ओरखडे पडतात. काळ्या कडाप्प्यावर मात्र पेरॉक्साइड जपून वापरा, रंग फिका पडू शकतो.

घासायला बाई बोलावणार असाल तर त्यांच्याही हातात बाटली देताना समोर उभ्या राहा. आणि आजच, काहीही लावायच्या आधी, खिडकीच्या उजेडात तिरका व्हिडिओ काढा. चकाकी तिरक्या उजेडातच दिसते.

विषय निघालाच आहे म्हणून, पीपीडीची अॅलर्जी कधीही सुरू होऊ शकते, वर्षानुवर्षं तोच डाय लावणाऱ्यांनाही. दरवेळी ४८ तास आधी कानामागे थेंब लावून बघा.

तुमच्या खिडकीची कडा नक्की मार्बलच आहे ना? न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून मिनिटाभरात पुसा. बुडबुडे आले किंवा जागा निस्तेज झाली तर मार्बल. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट, मग काम बरंच सोपं आहे. काय निघालं ते कळवा, मी लेपाचं प्रमाण नीट लिहून देते.