चेटकिणीच्या पोरीने केले: जादूचे चित्रपुस्तक, खोड्या आणि एक न सांगितलेली भीती

“जादूची पुस्तके वाचून मूल खोड्या करायला आणि खोटे बोलायला लागले आहे; पुस्तक काढून घ्यावे का?” हा प्रश्न मला पालकसभांमध्ये आणि समुपदेशनाच्या खोलीत वारंवार विचारला जातो. काही पालकांना काळजी असते ती वळणाची. चित्रातले पात्र मोठ्यांची फजिती करून खुशाल हसते, मग आपले मूलही तसेच करील, असे त्यांना वाटते. काहींची काळजी विचारांची असते. मंत्र म्हटला की काम होते हे सहाव्या वर्षी मनात बसले, तर हेच मूल पुढे एखाद्या बुवाच्या दारात उभे राहील, अशी त्यांना धास्ती असते. ज्या कुटुंबाविषयी मी लिहीत आहे, त्या घरात या दोन्ही काळज्या एकाच वेळी नांदत होत्या. कुटुंबाच्या संमतीने, पण नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव मांडते आहे.

निहार साडेसहा वर्षांचा, पहिलीत शिकणारा. आई बँकेत नोकरीला. वडील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन चमत्कारांमागचे विज्ञान उलगडून दाखवणारे प्रयोग करतात. हळदीच्या कागदावर चुन्याचे पाणी पडले की तो लाल होतो, सुरीच्या पात्याला आधीच मिथिल ऑरेंज लावून ठेवले की कापलेल्या लिंबातून ‘रक्त’ येते, हे त्यांनी अनेक गावांतल्या चावडीवर करून दाखवलेले आहे. २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याविषयीही ते आवर्जून बोलतात. अशा माणसाच्या मुलाने रोज संध्याकाळी “मी नाही केलं, चेटकिणीच्या पोरीनं केलं” असे सांगावे, हे त्यांना किती झोंबले असेल याची कल्पना करता येईल.

ही चेटकिणीची पोर शाळेच्या वाचनालयातल्या एका चित्रपुस्तकातली होती. ती आईच्या वहीतून एक मंत्र चोरून शिकते आणि ज्याचा राग येईल त्याच्यावर तो पुटपुटते. मग गुरुजींची मिशी हिरवी होते, शेजारच्या काकूंच्या चपला हवेत उडू लागतात. पुढे एकदा मंत्र हाताबाहेर जातो आणि तिची स्वतःची आजी छताला जाऊन चिकटते. तो मंत्र उलटवायचा तर घरातल्या सात वस्तूंच्या जागा बदलायच्या असतात. सातवी वस्तू बदलली की आजी अलगद खाली उतरते. चित्रे सुरेख होती, विनोद खट्याळ होता, आणि मला तरी त्या पुस्तकात आक्षेप घेण्यासारखे काही आढळले नाही.

घरातल्या तक्रारी मात्र खऱ्या होत्या. साखरेच्या डब्यात मीठ निघाले. देवघरातली घंटा चपलांच्या कपाटात सापडली, टीव्हीचा रिमोट कणकेच्या डब्यात, तर वडिलांचा चष्मा फ्रिजमध्ये. वडिलांनी पुस्तक काढून कपाटावर ठेवले, तेव्हा निहार खुर्चीवर स्टूल ठेवून वर चढला आणि पडता पडता वाचला. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर चौकशी बसू लागली: कोणी केले, का केले, खरे बोल. निहार मान खाली घालून तेच उत्तर देत असे.

पहिल्या भेटीला मी फक्त आईवडिलांना बोलावले होते. गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात आणखी काय काय बदलले, हे मी नेहमी विचारते, कारण पालक ज्याला कारण समजून येतात त्याच्या शेजारीच खरे कारण पुष्कळदा उभे असते. आई म्हणाली की, हल्ली तो रात्री उठून आमच्या खोलीत येतो. मग बोलण्याच्या ओघात, जणू या विषयाशी संबंध नसावा अशा सुरात, तिने सांगितले की सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि सध्या त्या पुण्याला निहारच्या आत्याकडे आहेत. निहारला काय सांगितले, असे मी विचारले. “आजी बरी होऊन येईल, एवढंच. लहान आहे तो.”

दुसऱ्या भेटीला निहार आला तो पुस्तक घेऊनच. तसे मीच सुचवले होते. मी त्याला काहीही न विचारता म्हटले, “मला हे वाचून दाखवशील?” त्याने मोठ्या झोकात वाचायला सुरुवात केली. हिरव्या मिशीवर तो खदखदून हसला. पण आजी छताला चिकटते तिथे आल्यावर त्याने दोन पाने एकदम उलटली आणि थेट शेवटच्या पानावर उडी मारली. मी तेव्हा त्याला टोकले नाही. नंतर सहज विचारले, “ही मुलगी तुमच्या घरी खरंच येते का रे?” माझी कीव आल्यासारखा तो म्हणाला, “ताई, ती पुस्तकातली आहे.” मग साखरेत मीठ कोणी घातले, यावर मात्र तो गप्प झाला.

म्हणजे कल्पना कोणती आणि वास्तव कोणते, याचा त्याच्या मनात घोळ नव्हता. या वयाच्या बहुतेक मुलांचा तसा घोळ नसतोच. मात्र माहीत असणे आणि मनातून निर्धास्त असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. रशियन मानसशास्त्रज्ञ युजीन सुबोत्स्की यांनी १९८०च्या दशकात चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग या बाबतीत मला फार उपयोगी वाटतात. मंत्र म्हटला की पेटीत ठेवलेल्या चित्रातली वस्तू खरी होते, अशी एक गोष्ट मुलांना सांगण्यात आली. असे खरोखर होईल का, असे विचारल्यावर बहुतेकांनी नाही म्हटले. पुढे तशीच पेटी आणि चित्रे देऊन त्यांना खोलीत एकटे सोडले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी मंत्र म्हणून पाहिला आणि काही घडले नाही तेव्हा ती हिरमुसली. मोठ्यांनी यावर फार हसू नये. विश्वास नसतानाही नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधू देणारे आणि “असू द्या, आपलं काय जातंय” म्हणणारे सुशिक्षित लोक मी रोज पाहते.

पुढच्या भेटीत मी हातात घालायच्या दोन बाहुल्या घेतल्या. माझी बाहुली त्याच्या बाहुलीला सांगू लागली की, मला ताईचा खूप राग आला होता, मी मनात म्हटलं तिला ताप येऊ दे, आणि तिला खरंच ताप आला. निहारची बाहुली बराच वेळ हलली नाही. मग तिने विचारले, “मग तू उलटा मंत्र केला का?” मी म्हटले, “मला येत नाही.” तेव्हा बाहुली बाजूला ठेवून निहार स्वतःच म्हणाला, “मी केला. सात वस्तू झाल्या तरी आजी आली नाही. मग मी अकरा केल्या.”

त्यानंतर सगळे तुकड्यातुकड्यांनी बाहेर आले. तो पांघरुणात लपून मोबाइल पाहतो हे आजीने आईला सांगितले होते. त्या रागात त्याने पुस्तकातला मंत्र आजीकडे पाहून पुटपुटला होता. दोन दिवसांनी आजी पडली. दीड-दोन महिने हा मुलगा आपण आजीचे हाड मोडले असे समजून वावरत होता, ते उलटवण्यासाठी वस्तूंच्या जागा बदलत होता, आणि त्याबद्दल रोज रात्री त्याची उलटतपासणी होत होती. तो खरे बोलला असता तर त्याला सगळ्यात भयंकर गोष्ट कबूल करावी लागली असती; त्या मानाने चेटकिणीच्या पोरीवर आळ घेणे सोपे होते.

हे ऐकल्यावर वडिलांचा पहिला उद्गार अपेक्षेप्रमाणेच होता: “म्हणजे पुस्तकामुळेच झालं की!” इथे मी त्यांच्याशी सहमत झाले नाही. स्वतःच्या इच्छेने किंवा रागाने बाहेरच्या जगात काही घडते, असे लहान मुलांना वाटत असते, हे ज्याँ पियाजे यांनी १९२०च्या दशकापासून मांडलेले आहे. दोन ते सात या वयात ही विचारपद्धती विशेष दिसते. आईबाबांचे भांडण माझ्यामुळे झाले, धाकटा भाऊ मी नको म्हटल्यामुळे आजारी पडला, असे मानणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी जादूचे एकही पुस्तक हाताळलेले नव्हते. शिवाय निहारने हिरवी मिशी खरी मानली नव्हती. राग काढण्यासाठी शाळेतल्या दोन मुलांवरही त्याने तोच मंत्र म्हटला होता आणि त्यांना काहीही झाले नाही, हे त्याने मला हसत सांगितले. मग आजीच्या बाबतीतच त्याला तो खरा का वाटला?

उत्तर त्याच्या आईकडून आले. निहार चिडून काही वेडेवाकडे बोलला की आजी हमखास म्हणायची, “अभद्र बोलू नये रे, वास्तू तथास्तु म्हणत असते.” हे वाक्य आपल्याकडे कितीतरी घरांत सहज, मायेपोटी उच्चारले जाते आणि म्हणणाऱ्यालाही त्याचे काही वाटत नाही. परंतु मूल शब्दांइतकाच त्यामागचा सूर ऐकते. पुस्तकातला मंत्र चित्रांत, हसण्यात, ‘एके दिवशी’च्या कुंपणात येतो आणि मुलाला तो खेळ असल्याचे कळते. ‘वास्तू तथास्तु म्हणते’ हे मात्र घरातले वडीलधारे माणूस दिवेलागणीला, आवाज खाली आणून सांगते. मूल विश्वास ठेवते ते या दुसऱ्या गोष्टीवर. मी हे आजींना दोष देण्यासाठी सांगत नव्हते. पण ज्या घरात चमत्कारांचा पर्दाफाश होतो त्याच घरात हे वाक्य कोणाच्या कानाला खटकले नाही, ते म्हण म्हणून सुटून गेले, याकडे मी वडिलांचे लक्ष वेधले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

निहारची समजूत कोणी घालायची, यावर मी आग्रही होते: ती बाबांनीच घालायची, आणि “वेडा आहेस का, असं कुठे असतं!” अशी झटकून नव्हे. झटकले की मूल गप्प होते. त्याची खात्री पटत नाही. वडिलांनी मग त्यांना उत्तम जमणारी गोष्ट केली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हा दृष्टान्त ते कार्यक्रमात नेहमी सांगत. तो त्यांनी पहिल्यांदाच मुलाला सांगितला. नंतर दोघांनी न्हाणीघरात फरशीवर आधी कोरडी, मग साबणाच्या पाण्याने भिजलेली चप्पल ढकलून ती किती दूर घसरते हे खडूच्या खुणांनी मोजले. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात हे आत्याने फोनवर समजावले. आजीने व्हिडिओ कॉलवर साबण कसा सांडला होता ते स्वतः सांगितले आणि “तुझ्यावर रागावले नाही रे बाळा” असेही म्हणाली. निहारने तिला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. असे होते. मुलांना एकदा ऐकून पुरत नाही, आणि पालकांनी त्याचा कंटाळा करू नये.

रात्रीची चौकशी मी थांबवायला सांगितली. वडिलांना वाटले की मी खोटेपणाला मोकळीक देते आहे. या संदर्भात टोरांटो विद्यापीठातील कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन मी त्यांना सांगितले. तीन ते सात वर्षांच्या मुलांना खेळणे चोरून पाहू नका म्हणून बजावून एकटे सोडले गेले, नंतर गोष्ट वाचून दाखवली आणि मग पाहिलेस का असे विचारले. खोटे बोलणाऱ्याला शिक्षा होते अशा प्रसिद्ध गोष्टींनी मुलांचे खरे बोलणे वाढले नाही. ज्या गोष्टीत चूक कबूल करणाऱ्या मुलाचे वडील कौतुक करतात, तिने ते वाढले. आणि त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोट्याचा वाईट परिणाम दाखवला, तेव्हा तो प्रभाव उरला नाही. म्हणून उत्तर ठाऊक असताना “कोणी केलं?” हा सापळा लावू नये. “साखरेत मीठ पडलंय, चल, डबा दोघं मिळून धुऊ,” एवढे पुरते. मूल आपणहून काही सांगेल, तेव्हा त्या सांगण्याची दखल आधी घ्यावी, नुकसानीचे नंतर पाहावे.

एक शंका मात्र मी सुरुवातीपासून तपासत होते. एखादी कृती ठरावीक वेळा केलीच पाहिजे, नाहीतर घरातल्यांचे वाईट होईल, अशा धास्तीने मूल तीच गोष्ट करत राहत असेल, अडवल्यावर अतोनात घाबरत असेल, आणि समजूत घातल्यानंतरही आठवडेच्या आठवडे ते थांबत नसेल, तर तो मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडी या मानसिक आजाराचा, प्रकार असू शकतो आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते. खोड्यांमध्ये प्राण्यांना इजा करणे किंवा आग लावणे आले, झोप आणि जेवण बिघडलेलेच राहिले, तरीही थांबू नये. जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतही बोलता येते. निहारच्या बाबतीत आजीशी बोलणे झाल्यावर वस्तूंची अदलाबदल काही दिवसांत थांबली आणि त्याची झोपही हळूहळू सुधारली, त्यामुळे पुढे पाठवण्याची गरज पडली नाही.

पुस्तक कपाटावरून खाली आले. ते बाबांनी त्याच्याबरोबर वाचले, गाळलेल्या पानासकट, आणि आपल्याला कोणावर मंत्र टाकावासा वाटतो याची यादी दोघांनी केली, ज्यात मुख्याध्यापकांचा क्रमांक पहिला होता असे कळते. राग येणे आणि राग येऊन कोणाचे काही बिघडवणे यांतला फरक सांगायला मला याहून चांगला पाठ सुचला नसता. शेवटच्या भेटीत आईने विचारले की, वाचनालयात चेटकिणीचे आणखी एक पुस्तक आले आहे, ते आणू द्यावे का. मी म्हटले, जरूर आणू द्या, फक्त पहिल्यांदा वाचताना शेजारी बसा आणि तो कुठले पान घाईने उलटतो तेवढे पाहा.