पियानो लावणाऱ्याच्या नावाचा बँड

मागच्या अंकात पाश्चात्त्य गाण्यांतल्या बासरीबद्दल लिहिताना अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘मार्शल टकर बँड’चं नाव ओझरतं घेतलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं ‘सूरपेटी’ हे सदर त्यांच्यावरच खर्ची घालतो. पेटीच्या भात्याला भोक पडलंय म्हणून विचारणाऱ्या, गोव्यातल्या साखळी गावच्या वाचकांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. तोवर कृपा करून त्यावर सेलोटेप लावू नका.

मास्तर, हणजूणच्या एका शॅकमध्ये यांचं ‘कान्ट यू सी’ लागलं होतं. हा मार्शल टकर फार जीव ओतून गातो. अजून आहे का तो? (म्हापसा)

तो गातच नाही! मार्शल टकर नावाचं कोणी या बँडमध्ये कधीच नव्हतं. तुम्ही ऐकलात तो आवाज टॉय काल्डवेलचा. गाणं त्यानेच लिहिलं, गिटारही त्याचीच. एरवी बँडचा गायक डग ग्रे, पण हे एक गाणं टॉय स्वतः गायला. बाईने छळलं म्हणून आगगाडीत बसून जॉर्जियाकडे निघालेल्या माणसाचं ते गाणं. ते ग्रेच्या कसलेल्या गळ्यापेक्षा टॉयच्या खरखरीत गळ्यालाच शोभतं, असं माझं मत.

नावाची गोष्ट अशी. साउथ कॅरोलायनातलं स्पार्टनबर्ग हे कापडगिरण्यांचं गाव. तिथली सहा पोरं १९७२ मध्ये एका जुन्या गोदामात तालमी करत. बँडला नाव हवं होतं. गोदामाच्या किल्लीवर कोणाचं तरी नाव होतं, मार्शल टकर. तेच उचललं. हा टकर कोण, हे त्यांना पुढे कळलं: आधी ती जागा भाड्याने घेतलेला, जन्मापासून अंध असलेला, पियानो लावणारा कारागीर.

मी स्वतः पेट्या आणि पियानो लावून पोट भरतो, त्यामुळे इथे जरा थांबतो. लोटली-चांदरच्या जुन्या घरांतून अजून पियानो आहेत. पाऊस सरला की बोलावणी येतात, कारण चार महिन्यांच्या दमटीत लाकूड फुगतं, तारांवर गंज धरतो, सूर जागा सोडतात. एका पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन. त्यांतल्या दोन तारांत फेल्टची पाचर घालून त्या मुक्या करायच्या, तिसरी लावायची. मग एक मोकळी करून तिच्याशी जुळवायची. दोन तारा किंचित बेसूर असल्या की सुरात ‘वाँव, वाँव’ अशी लाट येते. खुंटी केसभर फिरवली की लाट लांबत जाते आणि एका क्षणी विरते. यात डोळ्यांचं काम काहीच नाही. युरोप-अमेरिकेतल्या अंधशाळांतून ही विद्या मुद्दाम शिकवत, ती त्यामुळेच. हा मार्शल टकर २०२३ मध्ये वयाच्या ९९व्या वर्षी वारला. त्याचं नाव जगभर पोचवणाऱ्या सहापैकी तिघांपेक्षा तो जास्त जगला.

त्या गाण्याची सुरुवातीची बासरी बांसुरीवर वाजवता येईल का? राग कोणता? (फोंडा)

राग नाही. कॉर्ड्स तीनच, डी, सी आणि जी. डीला सा धरलात तर सी म्हणजे कोमल निषाद, जी म्हणजे मध्यम. गंधार शुद्ध, निषाद कोमल, म्हणजे खमाज थाटाचे सूर झाले. पण म्हणून खमाजची ठुमरी सुरू करू नका.

बँडच्या जेरी युबँक्सची बासरी धातूची, चाव्यांची. तुम्ही पांढरी दोनची, म्हणजे डीला सा असलेली, बासरी घेतलीत तर कोमल निषादाला दर खेपेला पाचवं भोक अर्धं झाकावं लागेल आणि तिथे सूर डळमळेल. त्यापेक्षा पांढरी पाचची, म्हणजे जीला सा असलेली, घ्या आणि सहाही भोकं बंद केल्यावर जो पंचम येतो त्यालाच सा माना. बासरीचा शुद्ध मध्यम तोच तुमचा कोमल निषाद. तो पहिल्या भोकावर, रोजच्या सरावातला. फुंक मात्र हलकी ठेवा. युबँक्स सूर लांबवतो, त्यांना गमकाने हलवत बसत नाही; घरी शिकलेलं सगळं तिथे दाखवायची गरज नाही.

सर म्हणतात पिक हातात धरल्याशिवाय लीड गिटार वाजतच नाही. खरं का? (डिचोली)

टॉय काल्डवेल पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, वापरत नव्हता. उजव्या हाताचा उघडा अंगठा, बस. अंगठ्याच्या मांसाने छेडलेल्या तारेला पिकची टणत्कार धार येत नाही, सूर गोल येतो. वेगवान ताना तो त्याच अंगठ्याने काढायचा, हे नवल. १९६६ मध्ये तो अमेरिकेच्या मरीन्स सैन्यदलात भरती झाला होता, १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला. परत आल्यावर हा सगळा खटाटोप. शिवाय तो स्टील गिटारही वाजवायचा.

पण तुमचे सर शिकवतायत तोवर पिक धरा. अंगठा कुठे पळून जात नाही.

दुकानात यांची रेकॉर्ड कंट्रीच्या कप्प्यात होती, नेटवर रॉक म्हणतात. नक्की काय? (मडगाव)

दोन्ही. दुकानदाराला कप्पा लागतो, वाजवणाऱ्याला नाही. जॉर्जियातल्या मेकन गावच्या कॅप्रिकॉर्न कंपनीने त्यांना घेतलं, ऑलमन ब्रदर्स या बँडचीही तीच कंपनी, म्हणून ‘सदर्न रॉक’चा शिक्का बसला. ड्रमर पॉल रिडलचं मन जॅझमध्ये. चार्ली डॅनियल्स येऊन फिडल वाजवून जायचा. ‘कान्ट यू सी’ १९७६ मध्ये कंट्री गायक वेलन जेनिंग्सने गायलं आणि ते कंट्रीवाल्यांचंही झालं. उलट ‘हर्ड इट इन अ लव्ह साँग’ १९७७ मध्ये बिलबोर्डच्या पॉप यादीत १४व्या क्रमांकावर गेलं. यांचं याहून वर गेलेलं गाणं नाही.

१९८० नंतर यांचं ऐकावंसं काही सापडत नाही. भांडले का? (काणकोण)

भांडणाआधी मरण आलं. मार्च १९८० मध्ये टॉयचा भाऊ टिम रस्ता अपघातात गेला. महिना उलटतो न उलटतो तोच दुसरा भाऊ टॉमी याची जीप स्पार्टनबर्गमध्येच अपघातात सापडली. २८ एप्रिलला तोही गेला, वय ३०. टॉमी बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. ऐकताना बेस कानात भरत नाही, पण रंगमंचावर बँड चालवायचा तो. त्याच्या जागी जुना सोबती फ्रँकलिन विल्की आला आणि रेकॉर्डी निघत राहिल्या. पण त्यांतला जोर मला तरी ऐकू येत नाही. १९८३-८४च्या सुमारास टॉय, दुसरा गिटारवाला जॉर्ज मॅक्कॉर्कल आणि रिडल बाहेर पडले. टॉय १९९३ मध्ये वारला, मॅक्कॉर्कल २००७ मध्ये. युबँक्स १९९६ मध्ये निवृत्त झाला आणि मूळ सहांतला डग ग्रे तेवढा बँडमध्ये उरला. त्याने नाव चालवलं.

याला काहीजण फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे दशावतारी मंडळींत राजा बदलतो, स्त्रीपार्टी बदलतो, मृदंगवाला बदलतो, आणि जत्रेतला प्रेक्षक मंडळीचं नाव बघूनच येऊन बसतो. फक्त तिकीट काढताना टॉयच्या अंगठ्याची अपेक्षा धरू नये.

एकच रेकॉर्ड घ्यायची तर कुठली? (वास्को)

सगळे १९७३ची पहिलीच सांगतील, ‘कान्ट यू सी’ तिच्यातच आहे. माझ्याकडे ती आहेही. तरी तुम्ही १९७४ची ‘व्हेअर वी ऑल बिलाँग’ घ्या. दोन तबकड्या: एक स्टुडिओतली, दुसरी लोकांसमोर वाजवलेली. दुसरीवर गाणी लांबतात, आणि टॉमी मागून काय करायचा ते तिथे कळतं. जुनी घेणार असाल तर दुकानातच पाकिटातून बाहेर काढून उजेडात तिरपी धरा. आपल्या हवेत बुरशीचे पांढरे ठिपके धरतात. ते धुता येतात. चरे जात नाहीत.