दोन्ही बाजूंनी वापरता येणारी कापडी पिशवी घरच्या मशीनवर कशी शिवावी? कापड किती लागेल?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. साध्या घरगुती मशीनवर उलट-सुलट दोन्हीकडून वापरता येईल अशी बाजाराची पिशवी कशी शिवायची, कापड किती घ्यायचं, आणि आधी शिवलेल्या पिशवीत हाताने शिवलेली फट (पिशवी पलटण्यासाठी उघडी सोडलेली जागा) का दिसते व अस्तर बाहेर का ओढलं जातं. शेवटच्यापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

फट तळाला ठेवलीत म्हणून ती दिसते. अस्तराच्या नेहमीच्या पिशवीत पलटण्यासाठीची फट अस्तराच्या तळाला ठेवतात, कारण अस्तर कायम आतच राहणार असतं. इथे पिशवी पलटली की तोच तळ बाहेर येतो. हाताचे टाके दिसतात ते दिसतातच, वर सामानाचं सगळं वजन नेमकं त्या टाक्यांवर पडतं. म्हणून फट वर ठेवायची, तोंडाच्या शिवणीत, एका बंदाच्या दोन टोकांच्या मध्ये. शेवटी तोंडाभोवती वरून टीप फिरवायचीच असते, त्या टिपेत ही फट आपोआप बंद होते. कोणत्याही बाजूला हाताचा टाका दिसत नाही.

आता माप. तयार पिशवी समोरून ३० सेंमी रुंद, ३७ सेंमी उंच आणि तळाला १० सेंमी खोल हवी असेल, तर प्रत्येक तुकडा ४२ × ४४ सेंमी कापा. बाहेरच्या कापडाचे दोन, अस्तराचे दोन. (दोन्ही बाजू बाहेरच्याच आहेत, पण बोलायच्या सोयीसाठी एकाला अस्तर म्हणू.) चारही तुकड्यांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून ५ × ५ सेंमीचा चौकोन कापून टाका. शिवणीसाठी मार्जिन, म्हणजे कापडाची कड आणि टीप यांमधलं अंतर, सगळीकडे १ सेंमी. बंदांसाठी १० × ६५ सेंमीच्या दोन पट्ट्या.

माप बदलायचं असेल तर हिशोब सोपा आहे. कोपऱ्याचा चौकोन हवा असलेल्या खोलीच्या निम्मा. तुकड्याची रुंदी म्हणजे समोरची रुंदी अधिक खोली अधिक २ सेंमी. तुकड्याची उंची म्हणजे तयार उंची अधिक निम्मी खोली अधिक २ सेंमी. सगळ्या शिवणींना मार्जिन सारखंच ठेवलं तर हे तंतोतंत जुळतं.

११० सेंमी पन्ह्याचं (रुंदीचं) बाहेरचं कापड ७५ सेंमी आणि अस्तराचं ५० सेंमी पुरतं. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले की ८४ सेंमी पन्हा जातो. उरलेल्या पट्टीतून बंद उभ्या धाग्यात, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर, निघतात, आणि ते उभ्या धाग्यातच काढा. आडव्या धाग्यात कापड जास्त ताणतं, मग काही महिन्यांनी बंद लांबलेले दिसतात. कापायच्या आधी दोन्ही कापडं धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. दोन कापडं वेगवेगळी आटली की पिशवीच्या एका बाजूला कायमच्या चुण्या पडतात, त्या इस्त्रीनेही जात नाहीत. गडद कापडाचा रंग जातो का, तेही याच धुण्यात कळतं.

दोन्ही कापडं साधारण एकाच वजनाची घ्या. मध्यम जाडीचं सुती, जाडसर चादरीचं कापड किंवा पडद्याचं कापड उत्तम. एकीकडे जीन्स आणि दुसरीकडे पातळ पॉपलिन अशी जोडी जमत नाही, कारण पातळ बाजू बाहेर आली की आतलं जाड कापड ढोपरासारखं पुढे येतं. फिकट कापड गडद कापडावर ठेवून उजेडात धरून बघा. खालची नक्षी दिसत असेल तर शिवणींची मार्जिनंही सावलीसारखी दिसणार. नक्षीला ठरावीक वरची आणि खालची बाजू असेल तर तळाला घडी घालून एकसंध तुकडा कापू नका. एका बाजूची फुलं खाली डोकं वर पाय होतात.

आधी बंद तयार करा. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणा, पुन्हा दुमडा. २.५ सेंमी रुंदीची चार पदरी पट्टी मिळेल. दोन्ही कडांपासून ३ मिमीवर टीप मारा, दोन्ही टिपा एकाच टोकापासून सुरू करा. एक इकडून आणि एक तिकडून मारली तर बंद पिळवटतो. पॉपलिनसारख्या कापडाला १४ नंबरची सुई चालते, कॅनव्हासला १६ नंबरची. टाक्याची लांबी शिवणीला २.५ मिमी, वरून दिसणाऱ्या टिपेला ३ मिमी.

खिसा हवा असेल तर तो याच वेळी, तुकडे सुटे असताना लावा, म्हणजे त्याची टीप दुसऱ्या बाजूला दिसत नाही. १८ × ३२ सेंमीचा तुकडा सुलट बाजू आत ठेवून आडवा दुमडा, तीन कडा शिवा, खालच्या कडेला ५ सेंमी उघडं ठेवून पलटा. घडीची कड वर ठेवून, वरच्या कडेपासून ८ सेंमी खाली जोडा. उघडी राहिलेली जागा त्याच टिपेत मिटते.

मग बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून दोन्ही बाजू आणि तळ शिवा. कापलेले कोपरे मोकळेच ठेवा. अस्तराचंही तसंच, त्याच्या तळाला फट नको. प्रत्येक शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी उलटी टीप घ्या (मशीन मागे चालवून दोन-तीन टाके), तळाला दुहेरी टीप मारा. बाहेरच्या पिशवीची बाजूची मार्जिनं एका दिशेला दाबा, अस्तराची विरुद्ध दिशेला. एकात एक घातल्यावर ती शेजारी शेजारी बसतात, एकावर एक चढून गाठ होत नाही.

कोपरे शिवताना बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींवर आणा, टाचणीने पक्की करा आणि सरळ रेषेत १ सेंमीवर शिवा. तिथे दोन शिवणी भेटतात, म्हणून भोक पडायची शक्यता तिथेच असते. दोनदा टीप मारा. सुलट करून आतून बोट फिरवून बघा, भोक लागलं किंवा उजेड दिसला तर आत्ताच दुरुस्त करा, नंतर हात पोचत नाही.

पुढे जायच्या आधी दोन्ही पिशव्यांच्या तोंडांचं माप घ्या. सपाट ठेवल्यावर दोन्ही ४० सेंमी भरायला हव्यात. मार्जिन प्रत्येक पदरात फक्त २ मिमीने चुकलं तरी दोन शिवणींचे मिळून चार पदर, म्हणजे तोंडाच्या घेरात ८ मिमीचा फरक. तो फरक ओढून-ताणून जुळवला की तोंडाला चुण्या पडतात. मोठी असेल ती पिशवी बाजूच्या शिवणीत आत घ्या.

आता बाहेरची पिशवी सुलट करा, अस्तर उलटंच ठेवा आणि बाहेरची पिशवी अस्तराच्या आत घाला. सुलट बाजू सुलट बाजूला भिडली पाहिजे. बंद या दोन थरांच्या मध्ये, खाली लोंबतील असे ठेवा. बंदाची बाहेरची कड बाजूच्या शिवणीपासून ११ सेंमीवर, म्हणजे दोन टोकांच्या मध्ये १३ सेंमी उरतात. समोरचा बंद समोर, मागचा मागे, आणि पीळ नाही ना हे एकदा बघा. आता महत्त्वाचं: बंदाची टोकं कापडाच्या कडेला नेमकी न लावता ३ सेंमी बाहेर काढा. ही शेपटी नंतर दोन थरांच्या मध्ये आत दडते आणि तिच्यावर टीप मारता येते. टोकं कडेलगत लावली तर बंद फक्त १ सेंमी मार्जिनावर लटकतो, आणि बंद उसवतो तो नेहमी तिथूनच.

तोंडाभोवती १ सेंमीवर शिवा. एका बाजूला, बंदाच्या दोन टोकांच्या मध्ये ११ सेंमी उघडं सोडा, दोन्हीकडे उलटी टीप. याच फटीतून सगळी पिशवी बाहेर ओढून पलटा. जाड कापड असेल तर घाई करू नका, आधी तळाचा एक कोपरा बाहेर काढा, मागोमाग बाकीचं येतं.

पलटल्यावर अस्तर आत घालायच्या आधी त्याच्या बाहेर ओढलं जाण्याचा बंदोबस्त. बहुतेक ठिकाणी अस्तर ३-४ मिमी लहान कापायचा सल्ला मिळतो. फक्त एका बाजूने वापरायच्या पिशवीला तो ठीक आहे. इथे पिशवी पलटली की लहान बाजू बाहेर येते आणि मोठी आत गोळा होते. म्हणून दोन्ही अगदी एकाच मापाच्या ठेवा आणि कोपरे एकमेकांना बांधा. अस्तर नीट आत बसवून कोपऱ्यावर बाहेरून एक टाचणी दोन्ही थरांतून घाला. फटीतून हात घालून त्याच कोपऱ्याची दोन्ही मार्जिनं पकडून बाहेर ओढा आणि एकमेकांना हाताने पाच-सहा पक्के टाके घाला. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच. हे टाके कुणालाच दिसत नाहीत. अस्तर भाजीबरोबर बाहेर यायचं थांबतं आणि पिशवी पलटणंही सोपं होतं. टाचणी काढायला विसरू नका.

तोंड इस्त्रीने दाबा, फटीच्या दोन्ही कडा १ सेंमी आत दुमडून टाचण्या लावा. आता कडेपासून ३ मिमीवर पूर्ण तोंडाभोवती टीप. ही टीप दोन्ही बाजूंना दिसते, म्हणून वरचा धागा बाहेरच्या कापडाच्या रंगाचा आणि बॉबीनमधला अस्तराच्या रंगाचा घ्या. अशा वेळी ताण बरोबर नसेल तर लगेच उघडं पडतं. खालच्या बाजूला वरच्या रंगाचे ठिपके दिसले तर वरचा ताण सैल आहे, वरच्या बाजूला बॉबीनचा रंग डोकावला तर वरचा ताण जास्त आहे. उरलेल्या तुकड्यांवर चार पदर करून आधी बघून घ्या.

शेवटी प्रत्येक बंदाच्या टोकाखाली, शेपटीवर, २.५ सेंमीचा चौकोन आणि त्यात फुली अशी टीप. शेपटी कुठे आहे ते बोटाने चाचपून खडूने आखून घ्या. इथे सुईखाली आठ पदर येतात. पायडल दाबून रेटाल तर सुई मोडेल. चाक हाताने फिरवत जा. प्रेशर फूट चढावर अडकून एकाच जागी टाके पडत असतील, तर फुटाच्या मागच्या बाजूखाली कापडाची जाड घडी सरकवा. फूट सपाट झाला की मशीन पुढे सरकतं.

खांद्यावर अडकवायची नसेल, फक्त हातात धरायची असेल, तर बंदाची पट्टी ६५ ऐवजी ५० सेंमी कापा. मशीनच नसेल तर हातटीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घातलेला) चालेल, धावदोरा नको. धावदोऱ्यात एक टाका तुटला की शेजारचे सुटत जातात. तळाला आणि बंदांना दुपदरी धागा घ्या.

तोंड बंद करायला बटण किंवा चेन लावायचा मोह होईल. साधी चेन दोन्हीकडून सारखी चालत नाही, तिचा रनर एकाच बाजूला असतो. त्यापेक्षा तोंडाच्या मधोमध, बंदांच्या मध्ये, दोन्ही थरांतून एक टिचबटण पुरे. पिशवी कशीही पलटली तरी जोडी तोंडाशीच राहते, मात्र तिचा आतला चेहरा बाहेर येतो आणि साधं टिचबटण मग लागत नाही, म्हणून दोन्ही चेहऱ्यांनी लागेल असं बटण शोधा किंवा त्याऐवजी बांधायला दोन नाड्या शिवा.