परवाना काडतूस बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही

प्रश्न : मी पुण्यात राहतो. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात राज्य पातळीवर खेळतो. .३२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना आहे. आयात केलेली वॉडकटर (चपट्या टोकाच्या गोळीची, निशाणेबाजीसाठीची) काडतुसं महाग पडतात आणि हवी तेव्हा मिळतही नाहीत. टेक्सासमधला माझा भाऊ घरीच काडतुसं भरतो. दिवाळीला येताना तो रीलोडिंग प्रेस आणि डाय, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याचं यंत्र आणि त्याचे साचे, आणणार आहे. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मी डबाभर जमवल्या आहेत. स्वतःच्या सरावासाठी आणि क्लबातल्या दोन मित्रांसाठी काडतुसं भरली तर चालेल का?

उत्तर : नाही. आधी भावाला फोन करा आणि प्रेस तिकडेच ठेवायला सांगा, बाकीचं नंतर वाचा.

भाऊ करतो ते तिथे कायदेशीर आहे. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार काडतुसं बनवण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, स्वतःपुरती भरणाऱ्याला नाही. आपल्या शस्त्र अधिनियम, १९५९च्या निर्मितीबद्दलच्या कलम ५ मध्ये ‘स्वतःपुरती’ अशी सवलतच नाही. तुमच्या हातातला परवाना कलम ३चा, म्हणजे शस्त्र आणि दारूगोळा बाळगण्याचा. निर्मितीचा परवाना वेगळा. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि कारखान्यांसाठी असतो.

जुनी पुंगळी पुन्हा भरणं म्हणजे निर्मिती नव्हेच, असा युक्तिवाद करता येईल. पण त्याच्या भरवशावर मी तुम्हाला घरात प्रेस बसवू देणार नाही. तुम्ही विकत घेतलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद असते. घरी भरलेलं काडतूस कुठल्याच नोंदीत नसेल, आणि तपासात पहिला प्रश्न तोच येईल. विनापरवाना निर्मितीला कलम २५(१)(अ)ची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. त्याच कलमात हस्तांतरणही येतं. मित्रांकडून एक रुपया घेतला नाही तरी त्यांना काडतूस देणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो.

तुमचा धोका बंदुकीची दारू आणि प्रायमर (ती पेटवणारी टोपी) आणल्यावर सुरू होईल असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. कलम २ मधल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे भावाच्या बॅगेतला लोखंडी प्रेस कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच! परवान्याशिवाय तो देशात आणला तर कलम १० मोडेल, आणि विमानतळावर आधी अडकेल तो भाऊ. दिवाळीला घरी येणाऱ्या माणसावर ही वेळ आणू नका.

आता पुंगळ्यांचं. त्याही ‘भाग’च, पण कलम ४५(ड) तुमच्या बाजूने आहे. पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल, तर किरकोळ भाग बाळगण्याला हा कायदा लागू होत नाही. आठवण म्हणून ठेवलेल्या पुंगळ्यांना हे संरक्षण मिळतं. त्यांच्या शेजारी प्रेस आला, किंवा भरण्याबद्दल भावाशी झालेलं बोलणं मोबाइलमध्ये सापडलं, की हेतू नव्हता हे सिद्ध करणं अवघड होईल.

तुमची अडचण मात्र खरी आहे, हे मी मनापासून म्हणतो. आपल्या पिस्तुलाला नेमकं मानवणारं काडतूस शोधणं हा या खेळाचा भागच आहे, आणि इथल्या नेमबाजाला त्यासाठी फार कमी वाव मिळतो. कायद्यात राहून करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे लॉट, अर्थात एकाच वेळी बनलेल्या काडतुसांची खेप, तपासणं. दोन-तीन बनावटींचे थोडे थोडे खोके परवान्यावर घ्या, रेंजवर पिस्तूल टेकूवर ठेवून २५ मीटरवरून प्रत्येकाचा गट (गोळ्यांची छिद्रं किती जवळजवळ पडतात ते) पाहा आणि जो लॉट जमेल त्याचीच पुढची मागणी नोंदवा. आयातीसाठी क्लब आणि राज्य संघटनेमार्फत नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाकडे लेखी मागणी करा. स्पर्धांच्या निकालपत्रांच्या प्रती जोडा. खेळाडू म्हणून काडतुसांची मर्यादा वाढवून मिळण्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत करता येतो, तोही करा.

डब्यातल्या पुंगळ्या क्लबच्या शस्त्रागारात जमा करा आणि संख्या लिहिलेली पोच घ्या. क्लब घेत नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे विचारा.