नऊ गोळ्या घेतल्या आणि बंद केल्या. आता काय करू?

ताई,
मी छत्तीस वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. दिवाळीपासून कशातच मन लागत नाही. सकाळी दूध तापत ठेवते, ते वर येताना दिसतं, गॅस बंद करायला हवा हेही कळतं, पण हात पुढे जात नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मिरजेच्या मानसोपचार डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. सकाळी एस्सिटालोप्रॅम 10 आणि रात्री क्लोनाझेपामची अर्धी गोळी दिली. नऊ दिवस घेतल्या. इतकी मळमळ व्हायची की वर्गात उभं राहवेना, आणि फरक काही नाही. सासूबाई म्हणाल्या, या गोळ्यांची सवय लागते, जन्मभर सुटत नाहीत. नणंदेने मेसेज पाठवला की मेंदूतलं सेरोटोनिन कमी झाल्याने डिप्रेशन येतं ही थापच होती, तसं सिद्ध झालंय. मी सकाळची गोळी सोडली. रात्रीची अर्धी चालू आहे, तिने झोप लागते. मेडिकलवाला ओळखीचा आहे, देतो. आता दीड महिना झाला. कधी वाटतं, रात्री झोपले ती सकाळी उठलेच नाही तर बरं होईल. मिस्टर म्हणतात, मन रमव कशात तरी. या गोळ्यांचा खरंच उपयोग होतो, की नुसता समज आहे?

तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून तूच म्हणते.

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा ‘सकाळी उठलेच नाही तर’ या ओळीशी थांबले. ती तू पत्राच्या शेवटाकडे, जाता जाता लिहिली आहेस. डॉक्टरांना मात्र ती सगळ्यात आधी सांग. असं वाटणं हा याच आजाराचा भाग आहे, त्यात तुझा काही गुन्हा नाही. पण ते कोणाला तरी माहीत असायला हवं. आज मिस्टरांना सांग, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या त्यांच्याकडे ठेवायला दे. तो विचार नुसता येऊन न जाता मनात घर करायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्यांना घेऊन सरळ दवाखाना गाठ. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर 14416 लाव. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

आता गोळ्यांचं. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की सवय लागेल या भीतीने तू जी सोडलीस तिची तशी सवय लागत नाही, आणि जिची लागते ती तू ओळखीच्या दुकानातून आणून रोज घेते आहेस. क्लोनाझेपाम घेतलं की झोप लागते, जिवाची घालमेल थोडी थांबते, म्हणून तेच खरं औषध वाटतं. पण सुरुवातीचे थोडे दिवस आधार म्हणून ते देतात. रोज काही आठवडे घेत राहिलं की शरीर त्याला सरावतं, मग तेवढ्याने भागत नाही आणि सोडवतही नाही. सासूबाईंची भीती खरी आहे, फक्त तिने चुकीच्या गोळीवर बोट ठेवलं. पण म्हणून आज रात्रीपासून ती एकदम बंद करू नकोस, त्यानेही त्रास होतो. ती कशी उतरवायची ते डॉक्टर सांगतील. दुकानदाराला मात्र उद्यापासून विचारू नकोस.

एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळीची ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासाही वाटत नाही. पण बरेच महिने घेऊन एकदम तोडली तर गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटतं, काहींना हे आठवडे-आठवडे पुरतं. म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. हे गोळी सुरू करतानाच पेशंटला सांगायला हवं. तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही, आणि त्याचा मला राग येतो. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात, पण पहिल्या पंधरा दिवसांत काय होईल हे सांगायला दहा लागतात. ती दहा मिनिटं मिळाली असती तर कदाचित तू नवव्या दिवशी थांबली नसतीस.

कारण नऊ दिवसांत काय होतं? मळमळ होते, डोकं जड होतं, कधी बेचैनी वाढते. त्रास पहिल्या दिवसापासून आणि फायदा मात्र दोन ते चार आठवड्यांनी, कधी सहाने. ही मळमळ बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. तू ऐन त्या वळणावर सोडलीस. काही डॉक्टर म्हणून 5 मिलिग्रॅमनेच सुरुवात करतात आणि जेवणानंतर घ्यायला सांगतात. ‘मला पुन्हा सुरू करायची आहे, पण हळू’, असं तू म्हणू शकतेस.

उपयोग होतो का, याचं उत्तर मी तुला गोड करून देणार नाही. 2018मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डिप्रेशनच्या औषधांचा आजवरचा सगळ्यात मोठा आढावा आला. 522 चाचण्या, 1,16,477 माणसं, 21 औषधं. एकवीसही औषधं नुसत्या दिखाऊ, आत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस निघाली. पण किती सरस? दिखाऊ गोळीवरही शंभरातल्या पस्तीस-चाळीस जणांना सहा-आठ आठवड्यांत बरंच बरं वाटतं, खऱ्या गोळीवर पन्नासच्या आसपास. फरक खरा आहे, पण चमत्काराएवढा नाही. आजार जितका तीव्र तितका हा फरक जास्त दिसतो, आणि हलक्या उदासपणात जवळजवळ दिसेनासा होतो. दोन-चार दिवस खट्टू असलेल्या बाईला मी गोळी घे म्हणणार नाही. तुझी पहाटे तीनची जाग, न हलणारा हात आणि पत्रातली ती ओळ बघता तुझं प्रकरण हलकं नाही.

दुसरी गोष्ट, पहिलीच गोळी लागू पडेल असंही नाही. अमेरिकेत चार हजारांवर पेशंटना घेऊन एक मोठा अभ्यास झाला, 2006मध्ये निकाल आले. पहिल्या औषधाने पूर्ण बरे झाले ते जेमतेम तिघांत एक. बाकीच्यांचं औषध बदलावं लागलं किंवा जोडीला दुसरं द्यावं लागलं.

मी त्या बाकीच्यांतली. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी मला हे सगळं झालं होतं. पहिल्या औषधाने सात आठवडे नुसती तोंडाला कोरड पडली. डॉक्टरांनी दुसरं दिलं. त्याच्या पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी शेजारच्या घरात आमटीला फोडणी दिली, आणि मला कढीपत्त्याचा वास आला. कित्येक महिने मला कशाचा वास असा आलाच नव्हता, आणि तेही तेव्हाच कळलं. मी उठून ताट घेतलं. आनंद वगैरे काही झाला नव्हता, बाबा गेलेलेच होते, दुःख होतं तिथेच होतं. फक्त भूक लागली होती. गोळी एवढंच करते, पण त्या दिवसांत तेवढं माझ्याने होत नव्हतं.

नणंदेचा मेसेज अर्धा खरा आहे. 2022मध्ये लंडनच्या संशोधकांनी जुने अभ्यास तपासून सांगितलं, की सेरोटोनिन कमी पडल्याने डिप्रेशन येतं याला भक्कम पुरावा नाही. मेंदूत रसायन कमी पडलं, गोळीने भरून निघालं, हे जे सोपं करून सांगायचे ते सोडूनच द्यायला हवं. पण गोळी लागू पडते का हे त्या अभ्यासाने तपासलंच नव्हतं. ते वर सांगितलेल्या चाचण्यांमधून कळतं. आणि या औषधांचा इतिहासच उलटा आहे. 1952च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात क्षयावरचं नवीन औषध दिलं, तर खाटेला खिळलेले पेशंट हसू-बोलू लागले. हे का होतं याचं उत्तर लोक नंतर शोधत बसले, आणि ते अजून पुरतं सापडलेलं नाही.

जन्मभर घ्यावी लागेल का? पहिल्याच खेपेला साधारणपणे बरं वाटायला लागल्यावर आणखी सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. इंग्लंडमध्ये 2021मध्ये एक अभ्यास आला. वर्षानुवर्षं गोळी घेणारी, आता बरी असलेली 478 माणसं. निम्म्यांची चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू बंद केली. वर्षभरात चालू असलेल्यांपैकी 39 टक्के पुन्हा आजारी पडले, बंद केलेल्यांपैकी 56 टक्के. म्हणजे सोडून धोका वाढतो, पण सोडूनही धड राहिलेले कितीतरी आहेत. सासूबाईंना हे आकडे नको सांगूस. त्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडेच घेऊन जा. त्या घाबरल्या आहेत, घाबरलेलं माणूस असंच बोलतं.

मिस्टरांच्या ‘मन रमव’वरही एक सांगते, कारण त्यात चुकीबरोबर थोडं खरंही आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, 2017मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, फक्त प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र डिप्रेशनच्या पेशंटना सहा ते आठ वेळा भेटून एकच काम केलं. बरं वाटलं की करीन म्हणून जे जे थांबलंय, त्यातलं एकेक छोटं काम ठरवून, वेळ लावून पुन्हा सुरू करायला लावलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले 64 टक्के आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्याच उपचारावरचे 39 टक्के. पण तिथे प्रत्येकामागे एक माणूस होता, दर भेटीला विचारणारा. ‘रमव’ म्हणून पेपरात डोकं घालणं म्हणजे ते नव्हे. मिस्टरांनी रोज संध्याकाळी तुझ्याबरोबर शाळेच्या मैदानापर्यंत चालत जावं, तू नको म्हणालीस तरी. आणि डॉक्टरांना विचार, गोळीबरोबर समुपदेशन कुठे मिळेल. दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा बरा गुण येतो.

जाताना कागदावर लिहून ने. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व तपासलंय का? दिवस राहिलेत का, किंवा राहायचा विचार आहे का? आधी कधी आठवडाभर झोपेशिवाय भलताच उत्साह संचारला होता का? तसं असेल तर औषधच वेगळं लागतं, म्हणून हे लपवू नकोस. दुसरी कुठली औषधं चालू आहेत, अगदी अंगदुखीच्या गोळीसकट. आणि या गोळ्यांनी नवरा-बायकोतली इच्छा कमी होऊ शकते, तेही लाज न बाळगता विचार. पुष्कळ बायका याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात.

वहीत रोज एक ओळ लिही. किती वाजता जाग आली, जेवण गेलं का, दूध उतू गेलं का. सहा आठवडे. मग ती वही डॉक्टरांपुढे ठेवून ठरवा, हीच गोळी पुढे न्यायची, डोस बदलायचा, की दुसरी बघायची. शंभरातल्या किती जणांना गुण येतो हे मी सांगितलं, पण तू त्यांच्यात आहेस की नाही हे ती वहीच सांगेल.

फोन आजच कर, सोमवारची वाट बघू नकोस. आणि तोवर सकाळचं दूध मिस्टरांना तापवू दे.